सिकलसेल आणि हिमोग्लोबिनचे जैवरसायन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात किंवा पालघरच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांना ‘एएस पॅटर्न’ (सिकलसेलचा वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (सिकलसेलचा रुग्ण) हे शब्द नवे नाहीत. आशा सेविकेने बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या अहवालावर ते छापून येतात. त्या दोन अक्षरांमागे जैवरसायनशास्त्राची पाऊणशे वर्षांहून अधिक काळाची मेहनत आहे आणि गेल्या पंधरा-सतरा वर्षांत त्या अभ्यासाला असे वळण मिळाले आहे की, जनुक संपादनाचा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार याच आजारासाठी निघाला. हे संशोधन नेमके काय सांगते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. ही माहिती वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, म्हणजे रक्तात नेमके काय बिघडलेले असते?

बिघाड हिमोग्लोबिन या प्रथिनात असतो. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून तो शरीरभर पोहोचवणारे हे प्रथिन लाल पेशीत अक्षरशः ठासून भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू मावतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनतो. त्यांपैकी दोन अल्फा साखळ्या प्रत्येकी 141 अमिनो आम्लांच्या असतात, तर दोन बीटा साखळ्या प्रत्येकी 146 अमिनो आम्लांच्या असतात. सिकलसेलमध्ये अल्फा साखळीला काहीही झालेले नसते. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते, कारण डीएनएच्या लिपीत त्या ठिकाणी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ लिहिलेले असते. सगळा बिघाड या एका अक्षराचा आहे. अशा हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन एस म्हणतात आणि निरोगी प्रौढ हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन ए.

146 पैकी एक अमिनो आम्ल बदलल्याने एवढा अनर्थ कसा होतो?

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याचा सहवास मानवतो. व्हॅलिन भाररहित आहे, तेलकट स्वभावाचे आहे आणि पाण्यापासून दूर राहण्याची संधी शोधत असते. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर ते बसले की तिथे जणू चिकट डाग तयार होतो. रेणूवर ऑक्सिजन लादलेला असेपर्यंत या डागाला चिकटायला जागा मिळत नाही. ऑक्सिजन उतरवताना मात्र हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर दुसऱ्या बाजूला एक छोटी खाच उघडते. त्या खाचेत 85व्या जागेवरचे फेनिलअलानिन आणि 88व्या जागेवरचे ल्युसिन ही दोन तितकीच तेलकट अमिनो आम्ले असतात, त्यामुळे शेजारच्या रेणूचे व्हॅलिन तिथे नेमके जाऊन बसते. त्या रेणूला तिसरा, तिसऱ्याला चौथा असे चिकटत जाऊन चौदा पदरांचा पीळदार दोर तयार होतो. असे असंख्य दोर पेशीत आडवेतिडवे वाढले की मऊ, कुठूनही वाकून पार होणारी वाटोळी पेशी ताठर आणि विळ्यासारखी बाकदार होते. ती बारीक केशवाहिन्यांत अडकते, मागचा रक्तप्रवाह तुंबतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. एरवी 120 दिवस जगणारी लाल पेशी अशा रुग्णात 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून पंडुरोग कायमचा मागे लागतो.

मग रुग्णाला सतत वेदना का होत नाहीत? महिनोन्महिने बरे जाते आणि अचानक झटका येतो, असे का?

या आजाराच्या जैवरसायनातला सर्वांत सुंदर भाग या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे आणि पुढचे बहुतेक सगळे उपचारही त्यातूनच समजतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

ऑक्सिजन सुटल्याबरोबर दोर बनू लागत नाहीत. आधी काही काळ वरवर काहीच घडत नाही आणि मग एकाएकी, दरड कोसळावी तसे दोर वाढतात. या सुरुवातीच्या शांत काळाला विलंबकाल म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील विल्यम ईटन आणि जेम्स हॉफरिश्टर यांनी 1970च्या दशकात तो मोजला, तेव्हा असे दिसले की हा काळ पेशीतल्या हिमोग्लोबिन एसच्या संहतीवर, म्हणजे ते किती दाटीने भरले आहे यावर, विलक्षण प्रमाणात अवलंबून असतो. इतका की संहतीचा पंधरावा ते तिसावा घात मांडावा लागतो. घात 15 धरला तर संहती अवघी 5 टक्क्यांनी घटताच विलंबकाल दुपटीहून अधिक होतो आणि घात 30 धरला तर चौपटीहून अधिक.

आता रक्ताभिसरणाचा हिशेब पाहू. लाल पेशीला केशवाहिनी ओलांडायला साधारण एक-दोन सेकंद लागतात आणि त्यानंतर काही सेकंदांतच ती फुप्फुसात परतून पुन्हा ऑक्सिजन उचलते. विलंबकाल या प्रवासापेक्षा मोठा असेल तर दोर बनायच्या आत पेशी सुटते आणि तो लहान असेल तर पेशी वाटेतच अडकते. रुग्णाचे बरे-वाईट दिवस या शर्यतीवर ठरतात. ताप, जुलाब, उन्हातले काम, अपुरे पाणी यांमुळे पेशीतले पाणी घटते, संहती वाढते आणि विलंबकाल आखडतो. थंडीने केशवाहिन्या आकसतात, त्यामुळे पेशी वाटेत रेंगाळते. ‘भरपूर पाणी प्या, थंडीत पांघरूण घ्या, तापाकडे दुर्लक्ष करू नका’ हा आरोग्य केंद्रातला सल्ला वरवर साधा वाटतो, पण तो थेट या गणितातून येतो. दोर बनणे कायमचे थांबवता आले नाही, तरी ते काही सेकंद पुढे ढकलता आले तर पुरते.

सिकलसेलचा आणि त्यामागच्या बिघाडाचा शोध कोणी लावला?

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. कारण कळायला मात्र आणखी चार दशके गेली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते हे दाखवून त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत असू शकते, ही कल्पना तेव्हा नवी होती. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये 1956-57 साली शोधले. त्यांनी प्रथिनाचे एन्झाइमने तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि निरोगी व आजारी हिमोग्लोबिनच्या ठिपक्यांची नक्षी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एकच ठिपका जागा सोडून बसलेला दिसला. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये सिकलसेल आढळल्याच्या पहिल्या नोंदी 1952च्या आहेत.

‘एएस’ म्हणजे रुग्ण की वाहक?

वाहक. आईवडिलांपैकी एकाकडून ए आणि दुसऱ्याकडून एस जनुक आले की ‘एएस’ आणि दोघांकडूनही एस आले की ‘एसएस’. वाहकाच्या पेशीत साधारण 30 ते 40 टक्केच हिमोग्लोबिन एस असते, त्यामुळे विलंबकाल पुरेसा लांब राहतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. वाहकपण हा आजार नाही. ते पुढे जाऊन ‘एसएस’ होत नाही आणि स्पर्शाने, जेवणाने किंवा रक्तातून पसरत नाही. कितीही सांगितले तरी ही शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून येथे स्पष्ट लिहिले आहे.

इतके घातक जनुक निसर्गात टिकले कसे?

वाहकांना फॅल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून 1954 मध्ये मांडले. हिवतापाच्या प्रदेशात ‘एए’ मुले तापाने दगावत, ‘एसएस’ मुले सिकलसेलने दगावत आणि ‘एएस’ मुले वाचत, म्हणून जनुकाची ही आवृत्ती टिकली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवताप आणि सिकलसेल दोन्ही ठाण मांडून असणे हा योगायोग नाही. हे उत्परिवर्तन आफ्रिकेत व आशियात स्वतंत्रपणे अनेकदा घडले असावे, असे अनेक वर्षे मानले जात होते. 2018 मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने मात्र सुमारे 7300 वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाकडे बोट दाखवले आहे.

हा फक्त आदिवासींचा आजार आहे का?

नाही. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, काही गटांत ते 20 टक्क्यांहूनही जास्त नोंदले गेले आहे, हे खरे. परंतु विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही सिकलसेल आढळतो. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही, म्हणून ‘आमच्यात हा आजार नसतो’ असे म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

सोल्युबिलिटी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी यांत फरक काय?

सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या रसायनात मिसळतात. हिमोग्लोबिन एस विरघळेनासे होऊन द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसत नाहीत. ही चाचणी स्वस्त व झटपट असली तरी ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतला फरक तिला कळत नाही, तसेच सहा महिन्यांखालील बाळात ती फसवू शकते. तो फरक विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसने कळतो, तर एचपीएलसी या यंत्रावरच्या चाचणीत प्रत्येक हिमोग्लोबिनचे प्रमाण टक्केवारीत मिळते. नळी गढूळ झाली म्हणून ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ असे सांगून घरी पाठवणे अयोग्य आहे. खात्रीची चाचणी झालीच पाहिजे.

दोघेही वाहक असतील तर लग्न करू नये का?

विज्ञान येथे फक्त शक्यता सांगू शकते. दोघेही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता 25 टक्के, ‘एएस’ असण्याची 50 टक्के आणि ‘एए’ असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. एक ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ असेल तर ‘एसएस’ मूल होत नाही. दोघेही वाहक असताना लग्न झाले असेल तर गरोदरपणाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाचे निदान करता येते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच समुपदेशकाकडे जाणे महत्त्वाचे ठरते.

नवजात बाळ ‘एसएस’ असूनही पहिले काही महिने ठणठणीत कसे असते?

ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना 1948 मध्ये हाच प्रश्न पडला होता आणि आजचे सर्वांत प्रगत उपचार त्यांच्या उत्तरावर उभे आहेत. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गामा साखळी असते. या गर्भकालीन हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. जन्माच्या वेळी तेच बहुसंख्येने असते आणि पुढच्या काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. जोवर एफ भरपूर आहे तोवर बाळ सुरक्षित असते, असे वॉटसन यांनी सुचवले.

कारण पुढे कळले. गामा साखळीत 87व्या जागी ग्लुटामिन असते, बीटात तिथे थ्रिओनिन असते. हा एक बदल दोराच्या बांधणीत खडा घालतो. एफचे रेणू, तसेच एक गामा व एक बिघडलेली बीटा साखळी असलेले संमिश्र रेणू दोरात बसत नाहीत. शिवाय एफने जागा व्यापल्याने एसची संहती घटते आणि विलंबकाल वाढतो. काही माणसांत जन्मजात वेगळेपणामुळे मोठेपणीही एफ चालू राहते. अशा माणसाला ‘एसएस’ असूनही, प्रत्येक पेशीत सुमारे 30 टक्के एफ असेल, तर जवळजवळ कोणताही त्रास होत नाही. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारच्या जनुकपट्टीबरोबर (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकखुणांच्या संचाबरोबर) एफचे प्रमाण तुलनेने जास्त राहते, म्हणून ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ असे पुस्तकांत लिहिले जाई. विदर्भातील रुग्णांची माहिती साठत गेली तसे ते विधान सरसकट खरे नसल्याचे दिसून आले. येथेही तीव्र आजाराचे पुष्कळ रुग्ण आहेत.

मग मोठेपणी गामा साखळीचे जनुक बंद कोण करते?

साठ वर्षे हे गूढ होते. गामाचे जनुक कुठेही गेलेले नसते; अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच ते शाबूत असते, फक्त मुके केलेले असते. हजारो माणसांचे जनुकसंच पडताळून ‘ज्यांच्यात एफ जास्त उरते त्यांच्यात वेगळे काय असते’ असे 2007-08 मध्ये शोधले गेले, तेव्हा खूण अकराव्या गुणसूत्राबाहेर, दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल11ए या जनुकाजवळ सापडली. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या हार्वर्डमधील गटाने 2008 मध्ये दाखवले की या जनुकापासून बनणारे प्रथिन गामाच्या जनुकाला गप्प बसवते. ते काढून टाकल्यावर सिकलसेलग्रस्त उंदरांचा आजार दुरुस्त होतो, हे 2011 मध्ये सिद्ध झाले.

अडचण अशी होती की बीसीएल11ए रक्तातील इतर पेशींना व मेंदूलाही लागते, त्यामुळे ते सरसकट बंद करणे परवडणारे नव्हते. त्यावरचा मार्ग 2013 मध्ये मिळाला. या जनुकाच्या आत डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, तो फक्त लाल पेशींच्या पूर्वज पेशींत या जनुकाचा आवाज वाढवतो. घरातला मुख्य स्विच न पाडता एकाच खोलीचा फ्यूज काढावा तसे तो तुकडा मोडला की लाल पेशींपुरते बीसीएल11ए मंदावते आणि गामा पुन्हा बोलू लागते. विज्ञानाच्या बातम्यांत डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर या तंत्राच्या ‘कात्री’चे कौतुक पुष्कळ होते, परंतु आमच्या मते अधिक कठीण काम कुठे कापायचे हे शोधण्याचे होते आणि त्याचे श्रेय सहसा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जाते.

क्रिस्पर उपचारात रुग्णाच्या शरीरात नेमके काय करतात?

कॅसगेव्ही या नावाने आलेल्या उपचारात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी (स्टेम सेल) औषधाने रक्तात उतरवून यंत्राने गोळा करतात. पुरेशा पेशी मिळण्यासाठी हे बरेचदा एकाहून अधिक वेळा करावे लागते. प्रयोगशाळेत कॅस9 हे एन्झाइम आणि त्याला पत्ता दाखवणारा आरएनए पेशींत सोडून वर सांगितलेला तुकडा मोडतात. पेशी तयार होऊन परत येईपर्यंत काही महिने जातात. त्यानंतर बुसल्फान या जोरकस केमोथेरपीने रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करून संपादित पेशी शिरेतून देतात. त्या मज्जेत रुजेपर्यंत रुग्णाला चार-सहा आठवडे रुग्णालयात राहावे लागते.

क्रिस्परची पद्धत जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पाँतिए यांनी 2012 मध्ये मांडली आणि त्यांना 2020चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटनने कॅसगेव्हीला 16 नोव्हेंबर 2023 रोजी आणि अमेरिकेने 8 डिसेंबर 2023 रोजी मान्यता दिली. परीक्षानळीपासून मान्यताप्राप्त उपचारापर्यंतचे हे अंतर अकरा वर्षांत कापले गेले.

हा उपचार आजार पूर्ण बरा करतो का?

मान्यतेच्या वेळी मूल्यमापन झालेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा एकही झटका आला नव्हता. हे आकडे थक्क करणारे आहेत. तरीही ‘बरा झाला’ म्हणताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बिघडलेले जनुक जागेवरच असते, त्यामुळे ते पुढच्या पिढीत जाऊ शकते. तसेच आधीच झिजलेले खुब्याचे हाड किंवा खराब झालेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. केमोथेरपीमुळे वंध्यत्वाचा धोका आहे आणि दूरगामी परिणामांवर लक्ष ठेवण्यासाठी रुग्णांचा पाठपुरावा 15 वर्षे केला जाणार आहे. मान्यतेच्या वेळी अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये होती.

चुकलेले अक्षरच दुरुस्त का करत नाहीत?

त्या दिशेने काम चालू आहे आणि त्यातली एक युक्ती लक्षवेधी आहे. दोन्ही धागे न कापता डीएनएतील एकच अक्षर रासायनिक रीतीने बदलणारे ‘बेस एडिटर’ डेव्हिड लिऊ यांच्या गटाने बनवले. परंतु या साधनाला ‘जीटीजी’चे पुन्हा ‘जीएजी’ करता येत नाही. ते टीच्या जागी फक्त सी आणू शकते. मग ‘जीसीजी’ बनते आणि सहाव्या जागी अलानिन येते. सुदैवाने असे हिमोग्लोबिन निसर्गात आधीच आहे. इंडोनेशियातील मकासार शहरावरून त्याला नाव मिळाले असून ते बाळगणारे लोक निरोगी असतात. म्हणजे मूळ अक्षर आणता आले नाही तरी चालण्याजोगे अक्षर आणता येते. उंदरांवरील प्रयोगात ही वाट यशस्वी ठरल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ अक्षर अचूक परत आणणारे ‘प्राइम एडिटिंग’ही रुग्णांच्या पेशींत करून दाखवण्यात आले आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे तर कर्करोगाचे औषध आहे. ते मुलाला द्यावे का?

ही भीती स्वाभाविक आहे आणि तिच्यापोटीच गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. रक्ताच्या कर्करोगात ते वापरले जाते हे खरे असले तरी सिकलसेलमध्ये मात्रा कमी असते आणि हेतूही वेगळा असतो. डीएनएचे सुटे भाग बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते मंदावते. त्या ताणाखाली अस्थिमज्जा गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात बनवू लागते. अमेरिकेत 299 प्रौढांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण 44 टक्क्यांनी घटले. आफ्रिकेतील चार देशांत मुलांवर झालेल्या अभ्यासात झटके, हिवताप आणि मृत्यू हे सर्व कमी झाल्याचे 2019 मध्ये दिसून आले. नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांवर केलेल्या अभ्यासात किलोमागे दररोज 10 मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेचाही उपयोग झाला. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी. गरोदरपणाचा विचार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. क्रिस्पर जे 18 कोटींत करतो त्याच दिशेने ही स्वस्त गोळी अर्धवट का होईना, पण आज नेते. ती उपलब्ध असूनही सर्व पात्र रुग्णांच्या पोटात जात नाही, ही आम्हाला संशोधनातल्या कोणत्याही उणिवेपेक्षा मोठी उणीव वाटते.

नव्या गोळ्यांबद्दल काय म्हणता येईल?

एक धडा आणि दोन शक्यता. धडा व्हॉक्सेलोटरचा. ते हिमोग्लोबिनला चिकटून त्याला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवायला लावते, म्हणजे खाच उघडतच नाही. हिमोग्लोबिनचा आकडा वाढला, 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; परंतु पुढच्या अभ्यासांत वेदनेचे झटके आणि मृत्यू अधिक दिसल्याने सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अहवालातला आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली शक्यता मिटापिव्हॅटची. ते लाल पेशीतील पायरुव्हेट कायनेज या एन्झाइमला चालना देते. त्यामुळे पेशीची ऊर्जा वाढते आणि ऑक्सिजन लवकर सोडायला लावणारा एक रेणू घटतो. दुसरी शक्यता अधिक रोचक आहे. गामाच्या जनुकाला गप्प ठेवणाऱ्यांत विझ नावाचे आणखी एक प्रथिन सामील असल्याचे आणि ते पेशीच्या स्वतःच्या कचरा-यंत्रणेकडून नष्ट करवणारा छोटा रेणू सापडल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर व माकडांत या औषधाने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढले. रेणूंना चिकटवून देणाऱ्या या प्रकाराला ‘मॉलिक्युलर ग्लू’, म्हणजे रेणवीय डिंक म्हणतात. केमोथेरपी नाही, महिनाभर रुग्णालय नाही. पोटात घ्यायच्या गोळीने हे साधले तर धडगाव किंवा भामरागडच्या रुग्णाला त्याचा खरा उपयोग होईल.

डोळे पिवळे दिसतात म्हणून काविळीचे झाडपाल्याचे औषध द्यावे का? लोहाच्या गोळ्या चालतील का?

पिवळेपणा बहुधा लाल पेशी वेगाने फुटल्यामुळे येतो, त्यामुळे गावठी औषधात वेळ दवडू नये. पिवळेपणा अचानक वाढल्यास किंवा ताप, पोटदुखी असल्यास डॉक्टरांना दाखवावे. पेशी फुटून त्यांतले लोह शरीरातच राहते आणि रक्त चढवल्यास आणखी भर पडते, म्हणून तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. नव्या पेशी बनवायला फॉलिक आम्ल लागते, ते डॉक्टर देतात. याच संदर्भात एक सूचना : पेशीचे आयुष्य घटलेले असल्याने मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी चाचणी ‘एसएस’ रुग्णात भरवशाची नसते.

सिकलसेल रुग्णाला अपंगत्व प्रमाणपत्र मिळू शकते का?

होय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. वाहकांना तो लागू होत नाही.

भारतात जनुक संपादनाचा उपचार कधी मिळेल?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. 40 वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पूर्वी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. त्याला समांतर, दिल्लीच्या जीनोमिक्स व एकात्मिक जीवशास्त्र संस्थेत देवज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने फ्रान्सिसेला या जिवाणूतील कॅस9 एन्झाइम सुधारून अधिक अचूक केले. त्यावर आधारलेल्या सिकलसेल उपचाराला बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षात, नोव्हेंबर 2025 मध्ये, ‘बिरसा 101’ असे नाव देण्यात आले आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. परदेशी किमतीच्या अल्पांशात तो देता यावा हा उद्देश आहे. हस्तांतर म्हणजे उपलब्धता नव्हे. रुग्णांवरील चाचण्यांत सुरक्षितता व परिणाम सिद्ध झाल्यावरच तो रुग्णालयात येईल. कात्री देशी असली आणि किंमत उतरली, तरी मूळ पेशी काढणे, केमोथेरपी आणि निर्जंतुक खोलीतले आठवडे हे टप्पे उरतातच, म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय असलेल्या मोजक्या केंद्रांपलीकडे तो लगेच पोहोचणार नाही.